दुसऱ्याची पाळी

एरंडोलसारख्या जुन्या कसब्यात दिवस कोणा एकट्याच्या मालकीचा नसतो. परंपरा ज्याला महाभारतातील एकचक्रानगरी म्हणून ओळखते आणि महसुली दफ्तर ज्याला जळगाव जिल्ह्यातील एक तालुका म्हणून ओळखते, त्या अंजनीकाठच्या आमच्या गावाने आपला दिवस पिढ्यान्‌पिढ्या चारचौघांच्या खुणांनीच मोजला: पहाटेची काकडआरती आणि बांग, मामलेदार कचेरीचे दार उघडण्याची वेळ, न्यायालयात पक्षकारांच्या नावाचा होणारा पुकारा, आठवड्याचा बाजार, आणि संकष्टीस पद्मालयाच्या गणपतीच्या वाटेला लागलेली माणसे. यांपैकी एकही खूण कोणा एका घरासाठी नव्हती. तिच्यावर साऱ्या गावाची वहिवाट होती. या खुणांच्या मालिकेत एके काळी दूरदर्शनच्या कार्यक्रमांची भर पडली. त्या कार्यक्रमांनी घडवलेला जो दिवस आम्ही कित्येक वर्षे जगलो, त्याच्याविषयी मला येथे लिहावयाचे आहे. कारण त्या दिवसाने आम्हांस एक शिक्षण दिले, आणि ते शिक्षण आता दुर्मीळ होत चालले आहे असे मला मनापासून वाटते.

तो दिवस आमच्यापर्यंत पोहोचला मात्र उशिरा. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे त्याची चित्रे पुण्यास दिसू लागली. पण अजिंठ्याच्या डोंगरांपलीकडे, तापीच्या खोऱ्यात, त्यांचा प्रवेश नव्हता. शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची कन्या स्मिता पाटील चित्रपटांत नावारूपास येण्यापूर्वी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचीत असे. म्हणजे खान्देशी घराण्यातील एक मुलगी मुंबईस जगाची खबर सांगत होती आणि खुद्द खान्देशास तिचे दर्शन नव्हते, ही गोष्ट मला आजही हुरहूर लावते. १९७५-७६ साली अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचा जो प्रसिद्ध प्रयोग झाला, त्या सहांतही महाराष्ट्राचा समावेश नव्हता. १९८३ साली इन्सॅट-१बी हा उपग्रह अवकाशात गेला, १९८४ च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपक उभारण्याची मोठी मोहीम सरकारने हाती घेतली, आणि मग कोठे लहान गावांच्या आकाशात चित्रे उतरू लागली. मात्र हे प्रक्षेपक उपग्रहाकडून दिल्लीचे कार्यक्रम घेत असल्यामुळे आमची पहिली दूरचित्रवाणी हिंदी आणि इंग्रजी बोलणारी होती. मुंबईचे मराठी कार्यक्रम नियमितपणे आमच्या घरात आले ते आणखी काही वर्षांनी. ज्या गोष्टीची दीर्घकाळ वाट पाहिलेली असते, तिच्यातील कोणताही भाग माणूस सहसा टाकून देत नाही. आमच्या वृत्तीचे मूळ काही अंशी या विलंबातही असावे.

आमच्या आळीतील पहिला संच एका निवृत्त अव्वल कारकुनांच्या घरी आला. सारी आळी त्यांना नाना म्हणे. शंभर वॅटच्या प्रक्षेपकाची हद्द पंधरा-वीस किलोमीटरांची, आणि तो जेथे होता ते जळगाव आमच्यापासून तिसाच्या आसपास. तेव्हा घराच्या धाब्यावर उंच लोखंडी नळ उभा करून, त्यावर अँटेना जळगावच्या रोखाने बांधून, खाली बूस्टर जोडावा लागे. वैशाखातल्या वाऱ्याने तिचे तोंड फिरले की पडद्यावर मुंग्या येत, मग एखादा मुलगा धाब्यावर चढे आणि खालून "अजून थोडी, अजून थोडी, राहू दे" असा गजर होई. नानांचा शिरस्ता असा होता की, संच एकदा सुरू झाला म्हणजे तो मध्येच बंद करावयाचा नाही आणि जो कार्यक्रम लागेल त्याची अवहेलना करावयाची नाही. ज्यास रुची नसेल त्याने ओसरीवर जाऊन बसावे. पण आत बसलेल्याने दुसऱ्याच्या कार्यक्रमात बोलू नये, अशी त्यांची सक्त ताकीद असे. आयुष्यभर कचेरीत अर्जदारांच्या रांगा पाहिलेल्या त्या माणसाला प्रत्येकाच्या पाळीचे महत्त्व ठाऊक होते.

आता त्या दिवसाचा क्रम सांगतो. वाराप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे कार्यक्रम पालटत, हे खरे. येथे मी निरनिराळ्या वारांचे तुकडे एकाच दिवसाच्या सूत्रात ओवीत आहे. रविवारी सकाळी २५ जानेवारी १९८७ पासून 'रामायण' आणि पुढे २ ऑक्टोबर १९८८ पासून 'महाभारत' दिसू लागले, तेव्हा बाजारपेठ कशी ओस पडे याच्या कथा गावोगावी सांगितल्या जातात; मी त्यांत भर घालीत नाही. एवढेच सांगतो की, बकासुराच्या वधाची कथा ज्या गावाच्या नावाशी जोडलेली आहे, तेथे पडद्यावरील भीमाकडे माणसे आप्ताच्या दृष्टीने पाहत. पण अशा वेळी सर्वांनी एकत्र येणे स्वाभाविकच होते, कारण तो कार्यक्रम सर्वांचा होता. मला अधिक मोलाच्या वाटतात त्या दिवसाच्या इतर घटका, ज्या कोणातरी थोड्यांसाठी होत्या आणि ज्यांत उरलेले आम्ही केवळ उपस्थित होतो.

दुपारी विद्यापीठ अनुदान आयोगाचे वर्ग भरत. १५ ऑगस्ट १९८४ पासून चाललेले हे पाठ इंग्रजीत असत आणि त्यांत कधी ज्वालामुखी, कधी पेशींची रचना, कधी समुद्राच्या तळाचे जीवन दाखवीत. महाविद्यालयात जाणारी मुले घरात एखाददुसरी; परंतु कामे उरकल्यावर दाराशी बसून धान्य निवडणाऱ्या आमच्या जिजी ते सर्व पाहत. इंग्रजीचे एक अक्षर त्यांस येत नव्हते, तरी तप्त लाव्हारस डोंगरावरून ओघळताना पाहून त्यांचा हात सुपात थबके. आपल्यासाठी नसलेल्या विद्येकडेही आदराने पाहता येते, हे मी प्रथम त्यांच्या मुद्रेवर पाहिले.

रविवारच्या दुपारी कर्णबधिरांसाठी बातम्या असत. आमच्या आळीत एक शिंपीकाका होते, जन्मतः बहिरे आणि मुके. हस्तमुद्रांची ती शाळेत शिकवली जाणारी भाषा त्यांना कोणी कधी शिकवली नव्हती, त्यांच्या खुणा घरच्या आणि दुकानाच्या होत्या. तथापि त्या बातम्यांच्या वेळी ते न चुकता येत, पुढच्या रांगेत बसत, आणि निवेदिकेच्या हातांकडे अशा एकाग्रतेने पाहत की, समजले किती हा प्रश्न विचारणे अप्रशस्त वाटावे. त्या वेळी आम्ही बोललो असतो तरी त्यांच्या ऐकण्यात व्यत्यय येण्याचा संभव नव्हता. पण कोणी बोलत नसे. दिल्लीत बसलेल्या कोणीतरी आपलीही गणना केली आहे, साऱ्या देशाच्या वेळातून काही मिनिटे आपल्या नावे काढून ठेवली आहेत, या जाणिवेने तो माणूस तेथून उठे तेव्हा त्याची पाठ ताठ झालेली असे. त्यानंतर एखाद्या प्रादेशिक भाषेतील पुरस्कारप्राप्त चित्रपट लागे. मलयाळम् किंवा असमिया यांतील अक्षरही न कळता, तळाशी धावणाऱ्या इंग्रजी ओळींचा अर्थ शाळामास्तर सांगतील तेवढा घेऊन, आम्ही परक्या मुलखातील पाऊस, परक्यांच्या घरातील मृत्यू आणि परक्यांची लग्ने पाहिली. आणि तो मुलूख पुढे फारसा परका उरला नाही.

सायंकाळ मराठीची. 'आमची माती, आमची माणसं' या कार्यक्रमात कपाशीवरील बोंडअळी, केळीची लागवड, ज्वारीचे नवे वाण, विहिरींचे पुनर्भरण यांविषयी जाणकार बोलत, आणि त्या वेळेपुरता खोलीचा कारभार शेतकऱ्यांच्या हाती जाई. एरवी मागच्या भिंतीशी टेकून बसणारे कासोद्याकडचे एक आबा त्या अर्ध्या तासात पुढे सरकत, फवारणीच्या प्रमाणाविषयी पडद्यावरील तज्ज्ञाशी मोठ्याने वाद घालीत, आणि एखादा शेतकरी खान्देशी हेल काढून बोलू लागला की आनंदाने म्हणत, "हाऊ आपलाच माणूस शे!" तालुक्याच्या नोकरदारांना, वकिलांना, दुकानदारांना त्या अळीशी काही कर्तव्य नव्हते; ते पुढच्या गाण्यांच्या कार्यक्रमाची प्रतीक्षा करीत असत. पण प्रतीक्षा करता करता त्यांना हे कळे की, ज्या कपाशीच्या गाड्यांवर आपल्या गावची पेठ उभी आहे, तिच्या बोंडात शिरलेली अळी शेतकऱ्याची झोप कशी उडवते. कचेरीतील जमाबंदीच्या कागदांतून हे कळत नव्हते.

मग बातम्या. प्रदीप भिडे, अनंत भावे, भक्ती बर्वे ही मंडळी ज्या स्वच्छ, संयत, आवेशरहित मराठीत वृत्त सांगत, ती भाषा आमच्या बोलीहून भिन्न होती, पण तिने आमच्या बोलीला कधी हिणवले नाही. 'ज्ञानदीप' हा आकाशानंद यांचा कार्यक्रम समाजातील लहानसहान कार्यकर्त्यांची ओळख करून देई, आणि त्याच्या प्रेक्षकांनी ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळे स्थापिली. प्रेक्षकाने केवळ पाहत न राहता उठून काही करावे, अशी प्रेरणा देणारा कार्यक्रम म्हणून त्याचे ऋण महाराष्ट्राने विसरू नये. 'प्रतिभा आणि प्रतिमा'मध्ये लेखक-कवी आपल्या निर्मितीविषयी बोलत. ज्यांची पुस्तके आमच्या वाचनालयात होती, त्यांना चेहरा आणि आवाज आहे हे तेथे समजले. 'गजरा' हसवीत असे, आणि 'साप्ताहिकी' पुढील आठवड्याचा सारा बेत आधीच सांगून टाकी. नानांच्या घरी तो बेत वहीत टिपून ठेवण्याचे काम माझ्याकडे होते.

रात्री, बहुतेकांच्या डोळ्यांवर झापड येऊ लागण्याच्या सुमारास, संगीताचा किंवा नृत्याचा राष्ट्रीय कार्यक्रम असे. रुद्रवीणा, ध्रुपद, कथकळी, मणिपुरी: यांपैकी कशाचीही खान्देशातील आमच्या आळीस परंपरेने ओळख नव्हती. भजन, भारूड, अखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची गाणी, तमाशा एवढीच आमची संगीताची इस्टेट. त्या संथ आलापांच्या वेळी मला कंटाळा येई, हे मी लपवीत नाही. पण त्या कंटाळ्यातच कान तयार होत होता. १५ ऑगस्ट १९८८ पासून 'मिले सुर मेरा तुम्हारा' हे गीत पडद्यावर येऊ लागले आणि त्याच्या आरंभी पंडित भीमसेन जोशींचा स्वर उमटू लागला, तेव्हा आमच्या आळीतील पोरांनाही तो आवाज अनोळखी वाटला नाही. रात्रीच्या त्या कंटाळवाण्या तासांनी त्याची वाट आधीच झाडून ठेवली होती.

या साऱ्या विविधतेत ऐक्य कोठे होते? वरवर पाहता अळी, लाव्हारस, हस्तमुद्रा आणि ध्रुपद यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. परंतु जळगावहून एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्यास जाणाऱ्या साध्या एस.टी.त बसलेल्या माणसाने विचार करून पाहावा. त्याला धुळे गाठावयाचे असते, तरी गाडी वाटेतील प्रत्येक फाट्यावर थांबते, कारण तेथे एखादी म्हातारी बोचके घेऊन उतरावयाची असते. तो उतारू घड्याळाकडे पाहतो, पण म्हातारी उतरू नये असे म्हणत नाही, आणि या निमित्ताने वाटेवरील प्रत्येक गाव त्याच्या ओळखीचे होते. सार्वजनिक दूरदर्शनचा दिवस असाच थांबत थांबत जाणारा होता. त्याचे ऐक्य कार्यक्रमांच्या विषयांत नव्हते, ते पाहणाऱ्यांच्या थांबण्यात होते. दुसऱ्याची पाळी चालू असता स्वस्थ बसणे, त्याच्या गरजेला आपल्या वेळेतून जागा देणे, आणि बसल्या बसल्या त्याच्या जीवनाशी परिचित होणे, हे नागरिकत्वाचे मूळ शिक्षण आहे. मतदानाचा हक्क त्याच्यानंतर येतो.

यावर एक आक्षेप सहज घेता येईल, आणि तो दुर्बल नाही. तुम्ही थांबलात, कारण दुसरा मार्गच नव्हता. वाहिनी एक, बटण एक, मग सहिष्णुता कसली? सक्तीला सद्‌गुण म्हणू नये, हे मला मान्य आहे. त्या काळी बातम्यांचा मोठा भाग मंत्र्यांच्या उद्‌घाटनांनी व्यापलेला असे, सरकारच्या चुका पडद्यावर क्वचितच येत, आणि त्या मक्तेदारीचा पुरस्कार मी करणार नाही. पण सक्तीने लागलेली सवय पुढे स्वेच्छेची होऊ शकते. ज्या पंगतीत बालकाला प्रथम धाकाने बसवलेले असते, तेथेच ते पुढे आपण होऊन वाढप्याची वाट पाहते. शिवाय मालकीचा प्रश्न नंतर अधिक स्पष्ट झाला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या पीठाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला, त्यावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. त्या निर्णयाचा आशय असा की, या लहरी सरकारच्या खाजगीतल्या नाहीत आणि धनिकांच्याही नाहीत. त्या लोकांच्या आहेत आणि त्यांचा विनियोग लोकहितासाठी झाला पाहिजे. १९९० साली संमत झालेला प्रसारभारतीचा कायदा १९९७ साली अमलात आला, तो याच तत्त्वाची अपुरी का होईना अंमलबजावणी होती. म्हणजे ज्यास आम्ही सरकारी देणगी समजत होतो, ती वस्तुतः आमच्याच मिळकतीची वहिवाट होती.

मिळकतीचा विषय निघाला म्हणून एक वेदना सांगतो. चित्रफिती महाग, म्हणून पूर्वीच्या काळी जुने कार्यक्रम पुसून त्याच फितींवर नवे ध्वनिचित्रमुद्रण करीत. अनेक मोलाचे कार्यक्रम अशा रीतीने कायमचे लुप्त झाले. एरंडोलच्या माणसाला याचे दुःख विशेष व्हावे. आमचे गाव एके काळी जाड्याभरड्या देशी कागदासाठी प्रसिद्ध होते, इतके की इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरनेही त्याची नोंद केली आहे. कागद करणाऱ्या गावाला ठाऊक असते की, जे लिहून ठेवले नाही त्याला पुढे दाखला मिळत नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी मुलगा सोपानदेव आणि आप्त यांनी टिपून ठेवली, सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि बहिणाबाईंच्या निधनानंतर १९५२ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, म्हणून खान्देशाची ही वाणी मराठीस लाभली. टिपणारा हात नसता तर ती जात्याच्या घरघरीतच विरून गेली असती. अशा किती वाण्या विरल्या असतील! सार्वजनिक वाहिनीचे एक कर्तव्य हे टिपणाऱ्या हाताचे आहे.

या दृष्टीने आमची तक्रार जुनी आहे आणि ती आम्ही प्रेमानेच करतो. १५ ऑगस्ट १९९४ रोजी मराठीसाठी स्वतंत्र उपग्रह वाहिनी सुरू झाली आणि पुढे तिने 'सह्याद्री' हे भव्य नाव धारण केले. पण सह्याद्रीच्या पूर्वेस आणि सातपुड्याच्या पायथ्याशी जो मुलूख आहे, त्याची अहिराणी बोली, त्याचा कानबाईचा उत्सव, त्याची अखाजी, त्याचे केळीचे आणि कपाशीचे सुखदुःख त्या पडद्यावर पाहुण्यासारखे आले, घरच्यासारखे आले नाही. कासोद्याच्या आबांना एक खान्देशी शेतकरी दिसताच जो हर्ष होई, त्याचे कारण ती दुर्मीळता हेच होते. ज्याने वर्षानुवर्षे इतरांच्या पाळीत स्वस्थ बसण्याचा धर्म पाळला, त्याची स्वतःची पाळीही केव्हातरी यावयास हवी.

आज प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र पडदा आहे आणि त्यावर ज्याच्या त्याच्या आवडीचेच अखंड चालते. निवड मिळाली, यात अनिष्ट काही नाही. दुसऱ्याशी गाठ पडण्याचे ठिकाण मात्र नाहीसे झाले. लाव्हारस पाहणाऱ्या जिजींना आजचे यंत्र ज्वालामुखी दाखवणार नाही, कारण त्यांनी तो कधी मागितला नव्हता. तरीही सार्वजनिक वाहिनीची गरज संपलेली नाही, याचा दाखला अलीकडचाच आहे. २०२० साली महामारीने शाळा बंद पडल्या तेव्हा जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची पाठमाला दाखवली गेली. ज्या घरांत महागडा फोन नव्हता किंवा इंटरनेटचा खर्च परवडत नव्हता, तेथील मुलांनाही पुढच्या धड्याची संधी मिळाली. २००४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या दूरदर्शनच्या विनाशुल्क तबकडी (डिश) सेवेमुळे आज शेतातल्या झोपडीवरही ही वाहिनी दरमहा पैसे न भरता उतरते. एकाही गिऱ्हाइकाचा हिशेब न करता प्रत्येक नागरिकाचा हिशेब करणारी दुसरी वाहिनी आपल्याजवळ नाही.

म्हणून ती टिकावी आणि सुधारावी, असे ज्यांना वाटते त्यांनी केवळ जुन्या दिवसांचे गोडवे गाऊ नयेत. मालकाने मालकासारखे वागावे. आठवड्यातील एक घटका अहिराणीस द्या, आमच्या कापूस पिकवणाऱ्यांना, केळी काढणाऱ्यांना, कानबाईची गाणी गाणाऱ्या बायकांना मुंबईच्या पडद्यावर घरच्या हक्काने बसवा, आणि जे टिपाल ते पुसू नका, अशी मागणी खान्देशाने लेखी अर्ज करून, पुन्हा पुन्हा केली पाहिजे. आणि ती मान्य होऊन आमची घटका संपली, कोकणातल्या मच्छीमाराची किंवा गडचिरोलीच्या गोंडी गाण्याची घटका सुरू झाली, म्हणजे आम्ही जागेवरून उठू नये. त्यांचे सारे ऐकून घ्यावे.